एका लहरीची दोन कामे

वर्गात शिक्षकाचा आवाज दोन कामे करतो: धडा पोचवतो, आणि मुलांच्या हुंकारावरून कोणाचे लक्ष कोठे आहे तेही सांगतो. मोटारींतील नव्या संशोधनाविषयी वाचताना म्हणूनच आम्हांस ते परके वाटले नाही.

ह्युल्समायर या जर्मन संशोधकाने १९०४ साली कोलोन येथे रेडिओलहरींच्या प्रतिध्वनीवरून ऱ्हाइन नदीतील जहाजाचा वेध घेऊन दाखवला. आज मोटारीतले रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडून समोरच्या वस्तूचे अंतर व वेग ओळखते. भिंतीआडचे मात्र त्याला दिसत नाही. ते पलीकडची मोटार बिनतारी संदेशाने कळवू शकते. ही दोन्ही कामे एकाच लहरीकडून करून घेण्याचा आता प्रयत्न आहे. त्यासाठी लहरीची शक्ती आणि वेळ दोहोंत वाटून द्यावी लागते.

ही वाटणी कशी व्हावी? शाळा सुटताच हमरस्ता ओलांडणारी आमची मुले डोळ्यांपुढे येतात. त्यांच्याजवळ संदेश पाठवणारे यंत्र नसते. त्यांचा प्रतिध्वनी तेवढा असतो. मोटारींनी आपसांत अवश्य बोलावे. परंतु जो बोलू शकत नाही त्याची चाहूल घेण्यात कसूर होऊ नये, एवढेच आमचे मागणे.