आम्ही ऐकत नाही

अंबरनाथच्या आनंदनगरात औद्योगिक वसाहतीशेजारी घर करावे आणि यंत्रांच्या आवाजाला कंटाळावे, हे मासळीबाजारात राहून नाक मुरडण्यासारखेच होय. कारखान्यांची एकसुरी घरघर आमच्या अंगवळणी पडली आहे. तरीही एका बँडने यंत्राशी सलगी केली, म्हणून आम्ही त्याच्यावर कित्येक वर्षे रुसून होतो!

तो बँड म्हणजे मुंबईचा ‘पेंटाग्राम’. विशाल ददलानी यांचा कंठ, रॅन्डॉल्फ कोरिया यांची गिटार, पापल माने यांची बेस गिटार आणि शिराज भट्टाचार्य यांचे ड्रम्स यांमुळे तो रसिकांस ठाऊक झाला. 1996 साली त्यांचा पहिला संग्रह निघाला. त्याचे नाव ‘वुई आर नॉट लिसनिंग’. अर्थात, आम्ही ऐकत नाही! आम्ही तेव्हा नुकतेच अध्यापनास लागलो होतो. गिटारीच्या त्या गर्जनेत आम्हांला आमचेच तारुण्य ऐकू येई.

पुढे 2002 मध्ये ‘अप’ आला. गिटारीच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक ताल आणि यंत्रोद्भव नाद आले होते. दोन गाणी ऐकून आम्ही तो बाजूला ठेवला. 2005 मध्ये हीच मंडळी इंग्लंडातील ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात वाजवून आली. 2007 मध्ये ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ आणि 2011 मध्ये ‘ब्लडीवुड’ निघाला. आमचा रुसवा कायम होता.

त्यानंतर काही वर्षांनी वर्गात आम्ही वर्ड्‌स्वर्थ शिकवीत होतो. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने एक जुनी वही पुढे ठेवली. ती तिच्या थोरल्या बहिणीची. आमचे त्या दिवशीचे व्याख्यान तीत शब्दशः उतरलेले होते. “सर, विनोदसुद्धा तोच आहे,” ती संकोचून म्हणाली.

त्या रात्री आम्ही चारही संग्रह क्रमाने ऐकले. यंत्राने गिटारीला हुसकावले नव्हते. आवाजातला जुना हट्ट शाबूत होता. तो शिळा होऊ नये म्हणूनच या मंडळींनी पंधरा वर्षांत आपला साज बदलला होता. आमचा साज मात्र पिवळ्या पडलेल्या टिपणांचाच राहिला. पहिल्या संग्रहाचे ते नाव आम्ही आपला बाणा समजत होतो. ते आमचे व्यंग निघाले.

दुसऱ्या दिवशी टिपणे घरी ठेवून आम्ही वर्गात गेलो. तास फारसा रंगला नाही. दोनदा तर आम्ही अडखळलोच. परंतु मुलांनी प्रश्न विचारले, आणि ते आम्ही ऐकले.