दोन समित्या



गेल्या वर्षी जूनमध्ये लेकीकडे अमेरिकेत होते, तेव्हा जावयांनी ब्राइस कॅनियनला दोन रात्री तंबूत राहायचा बेत केला. यूटा राज्यातलं हे राष्ट्रीय उद्यान 1928 सालचं. तंबूची जागा आठ हजार फुटांच्या आसपास. मला पहिली काळजी स्वयंपाकाची. मूगडाळ, तांदूळ, दशम्या, लोणचं, पाणी गाळायचं फडकं, सगळं बांधून घेतलं.

तिथे जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणून मी निर्धास्त होते. पण डाळ काही शिजेना! इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, आणि कुकर मी घरी ठेवून आलेली. सूर्य कलायला लागला तशी डाळ उतरवली आणि दशमी-लोणच्यावर भागवलं.

अंधार पडल्यावर शेजारच्या तंबूतली मुलं शेकोटीवर मार्शमेलो भाजायला लागली. त्यांनी आमच्या नऊ वर्षांच्या नातवालाही बोलावलं. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "आजी, एकच खाऊ?"

मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. शिवाय रात्रीची वेळ, शेकोटीवर किडे झेपावत होते. नाही म्हणणं बरोबरच होतं. पण मी नुसतं नाही म्हटलं नाही. त्या मुलांसमोरच षट्काय जीवांपासून सुरुवात करून चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. तो काही न बोलता तंबूत जाऊन झोपला. लेक एवढंच म्हणाली, "आई, सगळ्यांसमोर कशाला?" मला वाटलं, मी धर्मच तर सांगितला.

सकाळी कड्यावर उभी राहिले आणि बोलणंच सुचेना. खाली तांबड्या-केशरी दगडांचे हजारो सुळके, जणू माणसांची सभा भरली आहे. तिथे वर्षातल्या जवळजवळ निम्म्या दिवशी रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. फटीतलं पाणी गोठलं की फुगतं आणि दगड फोडतं. असं कणाकणानं ते घडलंय, आणि तसंच झिजतंही आहे. अनित्य भावना डोळ्यांसमोर उभी होती.

आम्ही क्वीन्स गार्डनच्या वाटेनं उतरलो आणि नवाहो लूपनं वर आलो. सुमारे तीन मैल. उतरताना सोपं वाटलं, चढताना दर वळणावर धाप लागली. एका ठिकाणी सुळके फार सुरेख दिसत होते. फोटोसाठी मी वाट सोडून चार पावलं आत गेले. नातू धावत आला, माझा हात धरला आणि हळूच कानाशी म्हणाला, "आजी, इथे पाय नको ना ठेवूस. ही माती जिवंत आहे."

मी डाळीशी झटत होते, तेव्हा तो रेंजरबाईंची माहिती ऐकून आला होता. तिथल्या मातीवर काळपट खरबरीत थर असतो. सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल मिळून तो बनतो आणि माती धरून ठेवतो. एका पावलानं तो मोडला, तर पुन्हा धरायला कित्येक वर्षं जातात.

मी खाली पाहिलं. माझ्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. चार हात जमीन बघून चालावं, हे मी त्याला शिकवलेलं. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. त्यानं मला सांगितलं ते एका वाक्यात, हळू आवाजात, कुणाला ऐकू न जाता. हित, मित, प्रिय. सकाळी ईर्या समिती चुकली, ती दिसली तरी. रात्री भाषा समिती चुकली होती, ती मला दिसलीच नव्हती.

संध्याकाळी प्रतिक्रमण झाल्यावर मी त्याला जवळ घेतलं आणि मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. तो थोडा लाजला. मग म्हणाला, "आजी, जिलेटिन नसलेले मार्शमेलो मिळतात. पुढच्या वेळी ते आणूया? दिवसा खाऊ."

मी हो म्हटलं. शेकोटीचं मात्र अजून ठरलेलं नाही.