लोपाचें स्थान

माझा पुतण्या लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचें लेखन निर्मळ करीत असतो. १९९१ पासून वाढलेल्या या संहितेंत ‘अमुक सोय असेल तरच पुढील ओळी घ्याव्या’ अशा ‘इफडेफ’ अटी जागोजागीं आढळतात. अट फोल ठरली, कीं त्या ओळी कंपायलर तपासतच नाहीं. त्यांतील दोष दुसऱ्या एखाद्या यंत्रावर अट खरी ठरेपर्यंत झांकलेले राहतात. म्हणून अट हेडर फायलींत एकदांच ठेवून, सोय नसेल तेथें त्याच नांवाचें रिकामें फंक्शन द्यावें. अथवा ओळी कंपायलरास तपासूं देऊन मगच गाळाव्या, असा तेथील दंडक आहे.

मला पाणिनीचा क्विप् प्रत्यय आठवला. ‘वेदविद्’ शब्द साधतांना तो रीतसर लागतो, मग सर्वस्वीं लोप पावतो. न पाहतांच वगळणें निराळें, पारखून लोप करणें निराळें.