पंडिताची जागा

२४ फेब्रुवारी
बेळगावहून फोन. एका वाचनालयाला पाडव्यापर्यंत तैलचित्र हवंय. विल्यम कॅरी. मराठी छपाईच्या दालनात लावणार. नमुना मोबाइलवर आला. रॉबर्ट होमचं काम, १८१२ च्या सुमारास बंगालात केलेलं. सोबत निरोप: "फक्त साहेब घ्या. शेजारचा पंडित नको." पैसेही एकाच चेहऱ्याचे.

२५ फेब्रुवारी
जोयड्यातल्या दोन दुकानांच्या पाट्या अडल्यात. कन्नड अक्षरं, पिवळ्यावर लाल. आधी त्या.

२७ फेब्रुवारी
रात्री चित्र मोठं करून पाहिलं. साहेब पन्नाशीचा. काळा कोट, पुढून टक्कल, हातात लेखणी. मिशनरी म्हणून कुणी ओळखणार नाही, कचेरीतला कारकून म्हणून खपेल. तरुणपणी इंग्लंडात जोडे शिवायचा. १७९३ मध्ये इकडे आला, परत गेलाच नाही. बंगालातल्या श्रीरामपूरचा छापखाना, फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत, मराठी शिकवणं.
शेजारी पंडित, पांढऱ्या वस्त्रात. बहुतेक ठिकाणी नाव देतात मृत्युंजय विद्यालंकार.

१ मार्च
कॅनव्हास ताणला. चौकटी आखल्या. पंडित गाळला की साहेबाच्या बाजूला भगदाड पडतं. तिथं पडदा घालावा का?

२ मार्च
पडदा घातला. पुसला.

४ मार्च
शिमग्याचे ढोल. हाताला काम सुचेना.
वाचत बसलो. कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं. कोश १८१० चा, त्यात मराठी शब्द मोडीत छापलेले. कॉलेजातला मुख्य मराठी पंडित वैजनाथ, नागपूरकडचा. व्याकरणाच्या प्रस्तावनेत कॅरीनं त्याचे आभार मानलेत. सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, दोन्ही ह्याच वैजनाथानं मराठीत आणले. चेहरा कसा होता, पत्ता नाही. होमसमोर तो बसला नाही.

५ मार्च
बायकोनं विचारलं, ह्या साहेबाला कोंकणी यायची का? म्हटलं, श्रीरामपूरला कोंकणी नवा करारही छापला होता. ती भाजी निवडत म्हणाली, "मग आमच्यातलाही कुणीतरी बसला असणार त्याच्याजवळ." मला उत्तर सुचलं नाही.

६ मार्च
वाचनालयाच्या चिटणिसांना फोन. म्हटलं, पंडित घेतो. ते म्हणाले, तो बंगाली, आपला काय संबंध? वैजनाथाचा फोटो असता तर घेतला असता.
फोटो! १८१२ मध्ये!

७ मार्च
मोठा कॅनव्हास ताणला. जुना पाट्यांच्या कामी येईल. पैसे वाढवून मागणार नाही. मागायला हवेत.

९ मार्च
काळा कोट आधी उरकला. काळा रंग सुकायला फार दिवस घेतो. सकाळी धुकं, काळी नदीकडून येणारा गारवा. खोलीत दिवा लावून ठेवतो.

११ मार्च
१८१२ साली ह्याच तारखेला श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, हस्तलिखितं गेली. वितळलेलं शिसं गोळा करून नवे टाइप ओतले, काही आठवड्यांत छपाई सुरू. पण जळलेलं लिखाण पुन्हा लिहायला कुणाकुणाला बसावं लागलं असेल? एकट्या साहेबाचं काम ते नव्हे.

१२ मार्च
वीज नाही.

१४ मार्च
पंडिताचा चेहरा. साहेबाला लागला त्याहून जास्त वेळ लागला. त्वचेला बर्न्ट सिएना जास्त झाला, खरवडला. वस्त्राचा पांढरा नुसता पांढरा ठेवला तर चुन्यासारखा दिसतो. सावलीत थोडा निळा, थोडा अंबर.
होमनं ह्याला सावलीत ढकललेलं नाही. इतकं तरी केलं.

१५ मार्च
कॅरी १८३४ मध्ये गेला. होमही त्याच साली, कानपूरला. मृत्युंजय त्यांच्या आधी, १८१९ मध्ये.

१६ मार्च
पाटीचा मजकूर आला: "डॉ. विल्यम कॅरी, १७६१–१८३४". पंडिताचं नाव नाही. मी दुसरी ओळ लिहून पाठवली: "सोबत पंडित, मराठी कामात वैजनाथशास्त्री". चिटणीस म्हणाले, समितीपुढे ठेवतो.

१७ मार्च
समितीनं दुसरी ओळ अर्धी ठेवली. "सोबत पंडित".

१८ मार्च
कोट अजून चिकट. तसंच बसनं पाठवलं, कडेला पट्ट्या ठोकून, वर कागद न लावता. वाहकाला बजावलं, हात लावायचा नाही.

२० मार्च
टांगलं म्हणे. पुढची मागणीही आली: मोल्सवर्थ, १८३१ चा मराठी कोशकार. विचारलं, कोशाला बसलेले शास्त्री किती दाखवायचे? चिटणीस हसले. म्हटलं, दर माणशी सांगतो, मग ठरवा.