मीटरही करंट खातो

यंदा आमच्या लॅबमध्ये डिजिटल मल्टिमीटर आले आणि काट्याचे मीटर कपाटात गेले. मी सदाशिव पेठेतल्या एका ज्युनिअर कॉलेजातला लॅब असिस्टंट, पोरांचा 'मामा'. ॲमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर हे मुलं दहावीपर्यंतच पाठ करून येतात. मला छळतं ते पुढचं. समांतर, पण कुणाला? नुसत्या रोधाला, की रोध आणि ॲमीटर अशा दोघांना मिळून?

गेल्या वर्षी बारावीतल्या एका मुलीच्या वाट्याला तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचा रोध आला. हजार ओहम, शेवटची पट्टी सोनेरी, म्हणजे फरक फार तर पाच टक्के. तिने रिओस्टॅट सरकवत रीडिंग घेतली. ३ व्होल्टला ४ मिलिॲम्पिअर. आलेख अगदी सरळ, उत्तर ७५०! "मामा, रोध खराब आहे."

रोध ठणठणीत होता. आमचा ३ व्होल्टचा मीटर व्होल्टमागे हजार ओहमचा, म्हणजे एकूण ३००० ओहम. चारातला एक मिलिॲम्पिअर तोच खात होता आणि ॲमीटर दोघांचा एकत्र हिशेब दाखवत होता. व्होल्टमीटरचं एक टोक उचलून ॲमीटरच्या पलीकडे लावलं. उत्तर हजाराच्या जरासं वर. ते 'जरासं' ॲमीटरच्या स्वतःच्या रोधाचं. हीच जोडणी दोन ओहमच्या तारेला केलीत तर मात्र ते जरासंही खुपतं. तिथे पहिलीच बरी.

त्या मुलीपर्यंत, माझ्या टेबलावर उत्तर चुकत नाही, ही माझी मिजास होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कॉलेजातून बोलावणं आलं की कॉलर ताठ व्हायची. गुपित एवढंच, की एरवी मी पाच-दहा ओहमच्या कॉइलच द्यायचो. तिथे व्होल्टमीटरची चोरी दिसतच नाही.

क्लासवाल्यांशी संधान बांधलेल्या कॉलेजांत प्रॅक्टिकल जर्नलमध्येच उरकतं, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. पण डिजिटलवरही माझा राग आहे. त्याचा रोध बहुधा १० मेगओहम, त्यामुळे हजार ओहमला उत्तर चोख येतं आणि कुणाला काही विचारावंसंच वाटत नाही. शिवाय लाल वायर मिलिॲम्पिअरच्या भोकात तशीच ठेवून पोरं बॅटरीला टेकवतात आणि फ्यूज आणायला तापकीर गल्ली मी गाठायची.

शिक्षकमंडळी, काट्याचे मीटर भंगारात काढू नका. प्रत्येक बॅचला एकदा तरी हजार ओहमचा रोध द्या, आणि डायलच्या कोपऱ्यात ओहम प्रति व्होल्टचा आकडा असेल तर तो आधी वाचायला लावा.