गंजाची वहिवाट

गडहिंग्लजला पाऊस येतो तो आंबोलीच्या घाटमाथ्यावरचा मुख्य कारभार आटोपून, काहीसा दमलेला; पण हिरण्यकेशीचे पाणी एकदा तांबूस झाले म्हणजे घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला, बिजागरीपासून विळीच्या पात्यापर्यंत, जो ओलसर स्पर्श होतो तो दसऱ्यापर्यंत सुटत नाही. अशा चाळीसांहून अधिक पावसाळ्यांचा मारा आमच्या परसातील शेडखाली उभ्या असलेल्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीने मुकाट्याने सोसला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, मूळच्या फियाट ११०० ला १९७४ साली मिळालेले हे देशी नाव मिरवणारी ही गाडी. तिचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन अजून पहिल्या हाकेला ओ देत असे, आणि म्हणूनच तिच्या देहाची अवस्था अधिक खुपे.

प्रारंभी दिसला तो मागच्या डाव्या दाराच्या तळाशी, शेंगदाण्याएवढा एक फुगवटा. एक पॉलिश पेपर आणि एक दुपार, एवढाच मी हिशेब केला होता. नखाने टोकरले तो लालसर भुकटी सांडली. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो आरपार गेला. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा मागते आणि ती मिळवण्यासाठी रंगाला आतून रेटते. त्यामुळे फोड बाहेर दिसतो त्या दिवशी आतला कज्जा केव्हाच निकालात निघालेला असतो. दाराचे आतले अस्तर काढले, तेव्हा या अतिक्रमणाचा पंचनामा पुरा झाला. काचेच्या कडेने उतरणारे पाणी निघून जावे म्हणून दाराच्या तळाला बारीक भोके ठेवलेली असतात. ती धुळीने आणि चिंचेच्या पाल्याने बुजली होती, आणि वर्षानुवर्षे तिथे साचणाऱ्या ओंजळभर पाण्याच्या आश्रयाने गंजाने आपली वहिवाट निर्वेध चालविली होती.

आयुर्वेदाने लोखंडाच्या कीटाला मंडूर म्हणून औषधात स्थान दिले आहे, आणि तो शंभर वर्षांचा असल्यास श्रेष्ठ मानला आहे. माझ्या दारातला मंडूर अद्याप वयात आलेला नसल्यामुळे मी तो सुपलीत भरून उकिरड्यावर टाकला.

गावातले एक वृद्ध मिस्त्री पाहायला आले. त्यांनी बोटाच्या पेराने पत्रा वाजवीत वाजवीत, जिथे आवाज बद्द येई तिथे खडूची खूण केली. ती रेघ माझ्या अपेक्षेहून वीतभर वर गेली. "मास्तर, कुजका पत्रा तसाच ठेवून वरनं लांबी थापलासा, तर दोन पावसांत परत वर येतंय बघा." या गाडीला निराळी चासी नाही, पत्रा हाच तिचा अस्थिपंजर, तेव्हा दाराखालच्या उंबऱ्याच्या बाबतीत तर कसलाच मुलाहिजा चालण्याजोगा नव्हता. रेघेबरहुकूम कापले, नवा तुकडा गॅसने जोडला, उरलेल्या डागांवर फॉस्फरिक आम्ल फिरवले, रेड ऑक्साइडचा हात दिला, लांबी भरली आणि मग घासणे: ऐंशी नंबर, दोनशे वीस, शेवटी पाणी सोडीत चारशे. डोळ्यांना सपाट दिसणारा पत्रा तळव्याला अजून उंचसखल लागतो, हे मला त्या आठवड्यात कळले.

पुढची चूक सर्वस्वी माझी. उघडीप पडली म्हणून मी ऐन श्रावणात गन हाती घेतली. ड्यूकोतला थिनर उडताना पत्रा थंड पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर उतरते. घटकाभरात माझ्या फिकट निळ्या दारावर ताक सांडल्यासारखी पांढुरकी साय धरली. मिस्त्री हसले नाहीत, ही त्यांची थोरवी. मार्गशीर्षात, बाजारात लाल मिरचीचे ढीग पडू लागले आणि हवा कोरडी खडखडीत झाली, तेव्हा ते सगळे घासून पुन्हा रंग दिला. निळाच, कारण नोंदणीच्या दाखल्यावर तोच लिहिलेला आहे आणि वडिलांनी तोच निवडला होता. नवे दार इतर अंगाहून किंचित गडद दिसते. ते तसेच राहू दिले आहे.

यंदा मृगाआधीच्या रविवारी मी बारीक तार घेऊन चारही दारांच्या तळाची भोके मोकळी केली. ज्यांच्या परसात अशी एखादी जुनी गाडी उभी असेल त्यांनी रंगाचा डबा आणण्यापूर्वी तेवढे जरूर करावे. पाव तास पुरतो.