चिरेची गोटी

एक्झॉस्ट पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर काढायच्या गोटीला, म्हणजे सॉकेटला, एका अंगाने उभी चीर असते. सेन्सरच्या मागे वायर असते, तिच्यावरून साधी गोटी उतरत नाही. म्हणून वायर चिरेतून बाहेर घ्यायची आणि गोटी २२ मिलिमीटरच्या षट्कोनावर बसवायची. युक्ती सुंदर आहे. पण पोलादाचं कडं एका जागी उघडं राहिलं, की जोर पडताच ते फाकतं. मग षट्कोनाच्या कडा गोल व्हायला वेळ लागत नाही.

सेन्सर जाम होतो तो उष्णतेने. गाडी चालू झाली की एक्झॉस्ट शेकडो अंश तापतो, बंद केली की गार होतो. त्यात पावसाचं पाणी. कोकण किनाऱ्यावरची गाडी असेल तर खारी हवा बाकीचं काम करते.

अशा वेळी आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडावं आणि मुरू द्यावं. इंजिन कोमट असलेलं बरं. गोटी बसवून आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. 'कट्' असा कोरडा आवाज आला की गंज तुटला. तरी सरळ काढत सुटू नये. पाव वेढा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. आवाज न होता पाना नुसता लवतोय असं हाताला कळलं, तर तिथेच थांबावं.

माझं मत ठाम आहे. सेन्सर भंगारातच जायचा असेल आणि नवा हातात आलेला असेल, तर जुन्याची वायर कापावी आणि अखंड, सहा कोनांची खोल गोटी लावावी. चीर आहे ती वायर वाचवण्यासाठी. चांगला सेन्सर उतरवायचा असेल तेव्हाच तिचं काम. खरं जपायचं ते पाइपातले आटे. सेन्सर दुकानात मिळतो. १८ बाय दीडचे ते आटे गेले तर टॅप फिरवा, नाहीतर वेल्डिंगवाला गाठा.

वरची मापं मोटारींची. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि हा सेन्सर दुचाकींवरही सर्रास दिसू लागला; त्यांची मापं लहान, गोट्या वेगळ्या.

नवा सेन्सर बसवताना कंपनीने आट्यांना ग्रीस लावलेलं नसेल, तर आटे जाम होऊ न देणारं ग्रीस लावा, टोकाला मात्र लागू देऊ नका. टॉर्क पान्यानेच आवळा; बऱ्याच मोटारींना ४० ते ५० न्यूटन मीटर पुरतात. पुढच्या खेपेला तो सेन्सर दुसराच कुणी मेकॅनिक काढणार आहे, त्याच्यासाठी एवढं कराच.